उलटं वाचन

"वाचलंत ना नीट?" वकीलबाईंनी विचारलं. मी म्हटलं, "तीनदा." खोटं नव्हतं ते. करारनाम्याची सात पानं आमच्या दोघींच्या मधे टेबलावर पडली होती आणि त्यांच्या समासात माझ्या लाल खुणा होत्या, बारीक, स्वच्छ, एकीचा पाय दुसरीत नाही. ‘स्वखुशिने’मधली शि दीर्घ केलेली, ‘पुर्वक’चा पु सुधारलेला, ‘सामंजस्य’वरचा सुटलेला अनुस्वार, दोन ठिकाणी पूर्णविराम. वकीलबाई ठेंगण्या. खुर्चीवर जाड उशी घेऊन बसतात आणि तरी टेबलाच्या मानाने कमीच पडतात. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पानं चाळली आणि हसल्या. "एकोणीस चुका काढल्यात. वीस वर्षं वकिली करतेय, पण घटस्फोटाचा कागद शुद्ध करून आणणारी बाई पहिल्यांदाच बघतेय." मला बरं वाटलं. कौतुक कुणाचंही चालतं मला, त्या बाबतीत मी अगदी निर्लज्ज आहे. मग त्या म्हणाल्या, "आता मला सांगा ताई, काय लिहिलंय यात?" बाहेरच्या खोलीत टाइप करणाऱ्या मुलीचा आवाज थांबला, जणू तीही ऐकायला थांबली. तिसऱ्या पानावरची सातवी ओळ माझ्या डोळ्यांसमोर लख्ख होती, तिच्यातली वेलांटीसुद्धा दिसत होती. ती ओळ काय म्हणते ते मात्र मला ठाऊक नव्हतं.

आता हे कुणाला सांगावं तर हसतील. सोळा वर्षं मी पुस्तकांची मुद्रितं तपासते, घरी बसून, खिडकीजवळच्या टेबलावर. हे काम मला शिकवलं छापखान्यातल्या मास्तरांनी. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. त्यांना सगळेच मास्तर म्हणायचे, मालकसुद्धा. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "पोरी, अर्थ लबाड असतो. तो बोट धरून पुढे नेतो आणि वाटेतले खड्डे दिसू देत नाही." म्हणून शेवटचं वाचन उलटं करायचं. शेवटचं पान आधी, शेवटची ओळ आधी, शेवटचा शब्द आधी. असं वाचलं की वाक्यच उरत नाही, सुटे शब्द उरतात, आणि सुटा शब्द चुकीचा असला तर लगेच अंगावर येतो. पुढे माझा हात असा बसला की मी तिन्ही वाचनं उलटीच करायला लागले. कुणी विचारलं की कादंबरी कशी होती, तर मी सांगते, स्वच्छ होती. लोकांना तो विनोद वाटतो. पण हा कागद मी उलटा का वाचला? "सवयीने हो," असं मी वकीलबाईंना सांगितलं, आणि सांगतानाच कानाची पाळी गरम झाली. सवय होतीच. पण सोमवारी दुपारी तो लिफाफा फोडला तेव्हा पहिल्या पानावर दोन नावं शेजारी छापलेली दिसली, मधे ‘विरुद्ध’ नव्हतं, ‘आणि’ होतं. मी पानं पालथी घातली आणि शेवटापासून सुरुवात केली. सरळ वाचायची भीती वाटत होती, बाकी काही नाही.

ह्या वकीलबाईंकडे तरी मी कुठे आपणहून गेले होते? मला मुद्रितं देणाऱ्या प्रकाशकांच्या बायकोने बळेच पाठवलं. "नुसती नजर टाकायला दे गं. कागद त्याच्या वकिलाने केलाय ना? मग तो त्याच्याच बाजूने असणार, ह्यात अक्कल ती काय लागते." मी म्हटलं होतं, त्यात बघायचं काय, आमचं भांडण नाहीच. खरंच नव्हतं. भांडण असतं तर मिटलं असतं. आमच्या घरात नुसती शांतता वाढत गेली, भिंतीला ओल चढावी तशी, आणि एके दिवशी तो म्हणाला की मी ताईकडे राहतो काही दिवस. ते काही दिवस आठ महिन्यांचे झाले. त्याआधी मी नवऱ्याला ‘हा’ म्हणायचे. हा आला, हा जेवला, ह्याला विचारून सांगते. सगळ्याच बायका म्हणतात. ‘हा’ म्हणायला माणूस हाताशी लागतो, निदान हाताशी आहे असं वाटावं लागतं. तो गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात शेजारीण गॅसच्या सिलिंडरचं विचारायला आली आणि माझ्या तोंडून निघालं, "ते तोच बघायचा." तो. ‘हा’चा ‘तो’ झाला होता आणि मला कुणी सांगितलंही नव्हतं. शेजारणीला काही कळलं नाही, ती सिलिंडरचंच बोलत राहिली. माझ्यापुरता घटस्फोट तिथे दारात झाला, बाकीचा कागदोपत्री.

वकीलबाईंनी कागद मग स्वतःच वाचला, मोठ्याने नाही, ओठ हलवत. मी त्यांच्या ओठांकडे बघत बसले. "चौथं कलम," त्या म्हणाल्या. "घरावरचा हक्क सोडताय. स्वखुशीने. ती शी तुम्हीच दीर्घ केलीय, अभिनंदन. आठवं कलम. मुलीच्या खर्चासाठी काही मागणार नाही, आत्ता नाही आणि पुढेही नाही." मी म्हटलं, "पण मुलगी माझ्याकडे राहतेय ना? सहाव्यात तसं आहे. मग बाकीचं गेलं खड्ड्यात." त्यांनी चष्मा खाली घेतला. "तुमचं घाला खड्ड्यात, तुम्ही मोठ्या आहात. मुलीचं कसं घालाल? तिचा खर्च हा तिचा हक्क आहे. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवताय तुम्ही." मला वाटत होतं की मी एक सौदा करून आले आहे आणि तो फार हुशारीचा आहे. घर दिलं, पैसे सोडले, मुलगी घेतली. नणंद एकदा फोनवर म्हणाली होती, वाईट मनाने नव्हे, काळजीने, की तुझं घरबसलं काम, कोर्टाने कमाई विचारली तर काय दाखवशील? तेव्हापासून माझ्या मनात बसलं होतं की ज्याच्याकडे घर आणि पगार त्याच्याकडे मूल. भांडायला गेले की मुलगी जाणार. वकीलबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "कमाई कमी म्हणून कुणी आई बाद होत नाही. मुलीला कोण उठवतं, कोण जेवायला घालतं, ताप आला तर कोण जागतं, ते बघतात. आणि घराचा हप्ता कुणी भरला?" "त्याने." "आणि घरखर्च?" "मुद्रितांतून. मीच." "बघा. पोटात गेलेल्या पैशाची पावती नसते, म्हणून तो पैसाच नव्हता असं होत नाही. घर घेताना आधी रक्कम भरली ती?" ती माझ्या बाबांनी दिली होती. हे मी जवळजवळ विसरले होते. वकीलबाईंनी ते टिपून घेतलं. मग त्यांनी सातव्या कलमावर बोट ठेवलं. "ताबा वेगळा, पालकत्व वेगळं. मुलगी झोपते कुठे, हा ताबा. तिच्याबद्दल ठरवतं कोण, हे पालकत्व. शाळा, दवाखाना, गाव बदलणं, सगळ्याला वडिलांची लेखी संमती. तुम्हाला पहिलं दिलंय आणि दुसरं काढून घेतलंय. परवा, गुरुवारी अकरा वाजता तुमचे मिस्टर आणि त्यांचे वकील सह्या घ्यायला येतायत. तोवर वाचा. सरळ."

सरळ वाचा म्हणे. मी पिशवीत कागद घातला आणि चालतच घरी निघाले, बस सोडली. मला सगळ्यात लाज कशाची वाटत होती सांगू? दुसऱ्यांच्या पुस्तकातलं एक टिंब माझ्या नजरेतून सुटत नाही आणि माझ्या स्वतःच्या आयुष्यातला एकही कागद मी वाचलेला नाही. लग्नानंतर पहिल्या महिन्यात बँकेचा अर्ज आला. तो जमिनीची मोजणी करतो, सर्व्हेअर आहे. खिशात कायम कडक शिशाची पेन्सिल, टोक सुईसारखं. त्याने अर्जावर एक बारीक फुली मारली आणि म्हणाला, "इथे सही कर." शेतात, माळावर, जिथे खुंटी ठोकायची तिथे नकाशावर अशीच फुली असते, दोन रेषा बरोबर मधोमध छेदलेल्या. त्यानंतर पंधरा वर्षं मी फुल्यांवर सह्या केल्या. विमा, शाळेचा प्रवेश, घराचे कागद. घर घेतलं त्या दिवशी चाळीसेक फुल्या होत्या, पेनमधली शाई संपली, दलाल म्हणाला, "वहिनी, हात गळून पडेल आता," आणि आम्ही तिघं हसलो. हेही सांगून टाकते की मला त्या फुल्यांचं कौतुक होतं. प्रेमच म्हणा ना. कुणीतरी आपल्या आधी त्या पानावर जाऊन आलंय, खड्डे बघून आलंय, आणि आपल्याला फक्त पाय ठेवायची जागा दाखवतंय, असं वाटायचं. जगात अशी किती माणसं मिळतात? करारनाम्यावरही फुल्या होत्या, प्रत्येक पानाच्या तळाशी. सोमवारी त्या बघून मला पहिल्यांदा रडू आलं होतं. शेवटपर्यंत फुली मारून देतोय, असं वाटलं होतं. भाजीच्या गाडीपाशी मी उभी राहिले, काही घ्यायचं नव्हतं, आणि गाडीवाली म्हणाली, "घ्यायचं नसंल तर सावली तरी सोडा बाई." मी पालकाची जुडी घेतली.

घरी भिंगरी आली होती. आमची मुलगी अकरा वर्षांची, एका जागी तीन मिनिटं बसत नाही, म्हणून तिचं नाव भिंगरी. पालक बघून तिने जुना विनोद पुन्हा केला, "आई, पालक सभेला कुठला पालक नेणार, निवडलेला की न निवडलेला?" आणि स्वतःच हसली. पूर्वी हसता हसता बापाकडे बघायची, आता खिडकीकडे बघते. मग तिने दप्तरातून शाळेचा अर्ज काढला, पोहण्याच्या वर्गाचा. "उद्या नाही, शुक्रवारी द्यायचाय. फुली केलीये, तिथे सही कर." बापाची लेक. फुलीसुद्धा तशीच, बारीक, मधोमध छेदलेली. मी पेन टेकवलं आणि वकीलबाई आठवल्या. हात मागे घेतला. एका ओळीवर दोन फुल्या होत्या, जवळजवळ. ओळीखाली छापलं होतं ‘पालकाची सही’, आणि त्यातल्या ‘का’वर कुणीतरी पेन्सिलीने टिंब दिलं होतं, गोल, नीट घोटलेलं. पालकांची सही. "हे काय?" मी विचारलं. भिंगरी एका पायावर उभी राहून मोजा काढत होती. तोल सांभाळत, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "छापखान्याची चूक होती. मी सुधारली." मग दुसरा मोजा काढला, दोन्ही तिथेच टाकले आणि पळाली. एरवी मी मोज्यांवरून ओरडले असते. मी डाव्या फुलीवर सही केली, नेहमीपेक्षा बारीक, शेजारी जागा राहील अशी, आणि अर्ज पिशवीत करारनाम्याच्या मागे ठेवला.

बुधवारी सकाळी तो तिला न्यायला आला. रोज येतो, सव्वासातला, खालून हॉर्न देतो, वर येत नाही. आठ महिन्यांत एकदाही चुकला नाही. पाऊस असला तर छत्री घेऊन जिन्यापर्यंत येतो. ती गेल्यावर मी टेबल पुसलं, दिवा लावला, उजेड असूनही लावला, आणि कागद सरळ ठेवला. पहिलं पान वर. मोठ्याने वाचलं. एकटीने रिकाम्या घरात असं वाचणं म्हणजे वेड्यासारखंच, पण डोळ्यांचा माझा भरवसा राहिला नव्हता. कान अजून उलटे झाले नव्हते. ‘उभयतांच्या मालकीची सदनिका, तिचा ताबा पतीकडे राहील.’ ‘अज्ञान मुलगी, तिचा ताबा पत्नीकडे राहील.’ एकाच पानावर, दोन कलमांच्या अंतराने, घराला आणि मुलीला एकच शब्द. किल्ली द्यायची आणि घ्यायची. मला शब्दांचा राग क्वचित येतो, शब्द बिचारे कुणीही उचलावेत, पण ह्याचा आला. पुढे नववं कलम. ‘वडिलांना सदर मुलीची भेट महिन्यातल्या दुसऱ्या व चौथ्या रविवारी सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत, आईच्या उपस्थितीत मिळेल.’ इथे मी अडखळले. ‘मुलीची’वर माझी लाल खूण होती. छापलेलं होतं ‘मुलाची’. खाली दोन ठिकाणी ‘त्याला’चं मी ‘तिला’ केलं होतं. एकोणीसातल्या तीन चुका ह्याच. लिंग चुकलंय, सुधारा, झालं. मी पेन खाली ठेवलं. अहो, ती चूक नव्हतीच! ते कुणा दुसऱ्यांच्या मुलाचं कलम होतं. त्या वकिलाने कुठल्यातरी जुन्या करारातून उचललं होतं, जसंच्या तसं, आणि आमच्या कागदात आणून बसवलं होतं. ते अंगाला बसत नव्हतं, शिवणीत दिसत होतं, कुणीही साधा माणूस सरळ वाचता वाचता थबकला असता की हा मुलगा कोण? आणि मी, सोळा वर्षांची मुरलेली, मी त्याला टाके घालून आमच्या मापाचं करून दिलं होतं.

कुठलातरी एक मुलगा असेल, त्याचा बाप त्याला दहा ते पाच भेटत असेल, आई समोर खुर्ची टाकून बसलेली. काय झालं असेल त्यांच्यात? त्यांचं भांडण आमच्या घरात येऊन बसलं होतं आणि मी त्याला पाणी विचारलं होतं. मग मी फुल्यांकडे पाहिलं. सोमवारपासून पहिल्यांदा नीट पाहिलं, म्हणजे बघा. फुल्या जाड होत्या, मऊ शिशाच्या, एक रेघ लांब आणि एक आखूड, घाईने ओढलेल्या. ह्याची फुली अशी नसते. मरेल पण अशी फुली मारणार नाही तो. ज्या फुल्यांवर मी रडले त्या वकिलाच्या कारकुनाच्या होत्या. मला हसू आलं, आणि हसता हसता एक विचार असा आला की हसू तिथेच थांबलं. फुल्या त्याच्याही सहीच्या जागी होत्या.

गुरुवारी अकरा वाजता आम्ही चौघं बसलो. तो स्वच्छ शर्टात आला होता, इस्त्री कॉलरजवळ चुकलेली, म्हणजे स्वतः केलेली. त्याचे वकील उंच आणि गोड बोलणारे, दर दोन वाक्यांनी म्हणतात, "साधं आहे." मी मनात त्यांचं नावच ठेवलं, साधं-आहे. त्यांनी कोरी प्रत टेबलावर ठेवली, लाल खुणा नसलेली, आणि पेनचं टोपण काढून दिलं. "साधं आहे. फुल्या आहेतच." वकीलबाई माझ्याकडे बघत होत्या. आता काही बोलले आणि तो चिडला, म्हणाला की मग मुलगीही मला हवी, तर? तरी मी म्हटलं, "सही करायच्या आधी एकदा वाचू या. छापखान्यात वाचतात तसं. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रतीवर बघायचं." मग त्याच्याकडे वळून, "तू वाच. मी बघते." साधं-आहे म्हणाले की वेळ जाईल. वकीलबाई म्हणाल्या, "जाऊ दे की. पंधरा वर्षं गेली, पंधरा मिनिटं जातील." त्याने कागद उचलला.

तो वाचायला लागला. मोजणीचे आकडे सांगतो तसा, एका पट्टीत. त्याचा आवाज त्या खोलीत इतका ओळखीचा वाटला की मी बोटाने ओळ धरून ठेवली, नाहीतर हरवले असते. चौथ्या कलमात ‘स्वखुशीने व कोणत्याही दबावाशिवाय’ आलं तेव्हा तो जरा थांबला. "हे मीच मागितलं होतं," म्हणाला. "हप्ते मी भरलेत." मी म्हटलं, "आणि पंधरा वर्षं जेवलास काय, विटा?" वकीलबाईंना ठसका लागला. तो हसला नाही, पण मान खाली घातली तेव्हा गालाला ती घडी पडली, मला ठाऊक असलेली. "बाबांनी दिलेले पैसेही आहेत," तो कागदाकडे बघत म्हणाला. "ते ह्यात आलेलं नाही." "नाही आलेलं," मी म्हटलं. "पुढे वाच." सातवं झालं, आठवं झालं. आठव्याला त्याने वाक्य दोनदा वाचलं आणि वकिलाकडे बघितलं. "तिचा खर्च मी देणार नाही, असं कुठे म्हटलं होतं मी?" साधं-आहे म्हणाले, "देऊ नका असं नाही लिहिलेलं. मागता येणार नाही एवढंच." त्याने पान उलटलं. मग नववं. "वडिलांना सदर मुलाची भेट..." आणि थांबला. "मुलाची? कुठला मुलगा?"

"टायपिंगची चूक," साधं-आहे म्हणाले. "साधं आहे, मुलीची करून टाकू." मी म्हटलं, "चूक नाही ती. दुसऱ्या कुणाचं तरी घर आहे ते. मीच आधी सुधारलं होतं, माझं चुकलं." त्याने पुढचं मनात वाचलं. ओठ हलले, दुसरा, चौथा, दहा, पाच. कागद खाली ठेवून तो म्हणाला, "मी तिला रोज शाळेत सोडतो." "रोज," तो पुन्हा म्हणाला, माझ्याकडे बघून, जणू मी नाही म्हणणार होते. "ते कुठे लिहिलंय ह्यात?" मी म्हटलं, "कुठेच नाही." "मी तिला भेटायला यायचं? पाहुण्यासारखं?" आवाज चढला नव्हता त्याचा, कधीच चढत नाही. आणि मला त्याची फार कीव आली, आणि माझीही. दोन माणसं, एक जमिनीवरचं बोटभर अंतर सोडत नाही आणि एक कागदावरचं टिंब सोडत नाही, आणि दोघांनी पोरीचं आयुष्य कारकुनाच्या फुलीवर ठेवलं होतं. "तू वाचलं नव्हतंस?" मी विचारलं. तो म्हणाला, "घराचं वाचलं होतं. बाकी फुल्या होत्या."

पुढचा तासभर वकीलबाई बोलत होत्या आणि साधं-आहे लिहून घेत होते. घरातला माझा वाटा, बाबांच्या पैशांसकट, दोघा वकिलांनी बसून काढायचा. मुलीचा खर्च तिच्या नावाने वेगळा, वाढत्या वयाप्रमाणे वाढणारा. शाळा, दवाखाना, गाव बदलणं, दोघांच्या सहीने. ती राहील माझ्याकडे, सकाळी सव्वासातला त्याच्याकडे, शनिवारची रात्र आत्याच्या घरी त्याच्याजवळ, आणि समोर खुर्ची टाकून कुणी बसायचं नाही. ‘ताबा’ काढता येईल का, असं मी विचारलं तर वकीलबाई म्हणाल्या, "कोर्टाला तोच शब्द कळतो ताई. तुम्ही घरी दुसरा वापरा." हे सगळं नव्याने टाइप होऊन येईल पुढच्या आठवड्यात. घटस्फोट व्हायचा तो होणारच होता, त्यात टायपिंगची चूक नव्हती. तोवर जुनी प्रत टेबलावर पडून होती आणि त्याला ती बघवेना. त्याने खिशातून खोडरबर काढलं. ते असतंच त्याच्याकडे, पेन्सिलीच्या शेजारी. एकेक पान उलटत त्याने सगळ्या फुल्या पुसल्या, माझ्या जागच्या आणि त्याच्या जागच्या, आणि प्रत्येक पानावरचा भुगा फुंकर मारून उडवला. कागद रद्दीतच जाणार होता. तरी कुणी त्याला थांबवलं नाही.

जिन्यात मी पिशवीतून भिंगरीचा अर्ज काढला. "पोहण्याच्या वर्गाचा आहे. उद्या द्यायचाय." त्याने तो भिंतीला टेकवला आणि पेन उघडलं. "कुठे करू?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "आधी वाच." त्याने माझ्याकडे पाहिलं, मग अर्जाकडे, आणि वाचायला लागला, वेळ, शुल्क, टोपी सक्तीची, ओळीवर बोट ठेवून. तळाशी आला तेव्हा बोट थांबलं. अंगठ्याने त्याने ‘का’वर हलकेच घासून पाहिलं. "इथे डाग पडलाय का गं? टिंबासारखा." "डाग नाही," मी म्हटलं. "छापखान्याची चूक होती. भिंगरीने सुधारली." "पालकांची," त्याने बोट तसंच ठेवून वाचलं. जिन्यातून कुणीतरी खाली गेलं, आम्ही भिंतीला सरकून वाट दिली. मग त्याने पान उलटून मागची बाजूही वाचली, आणि उजव्या फुलीवर सही केली.